भूजल, ऊस आणि लोकमत : प्रस्तावना

एप्रिल २०१६ मध्ये, दुष्काळाच्या दिवसांत, मिरजेहून पाणी घेऊन निघालेली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली, तेव्हा तिची छायाचित्रे देशभर छापून आली. पहिल्या खेपेत दहा वाघिणी होत्या आणि त्यांत मिळून सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. पुढे वाघिणी ५० झाल्या आणि एका खेपेत २५ लाख लिटर पाणी येऊ लागले. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितले. राज्यातल्या तीन मैदानांची हिरवळ राखायला सुमारे ६० लाख लिटर पाणी लागेल, असा आकडा तेव्हा चर्चेत होता. लोक तहानलेले असताना खेळासाठी पाणी उधळू नये, ही भावना रास्तच होती. पण त्याच हंगामात मराठवाड्यातल्या साखर कारखान्यांनी ऊसही गाळला होता, आणि त्याविषयी त्या तीव्रतेने फारसे कुणी बोलले नाही. पाटपाण्याने भिजवलेल्या एक हेक्टर उसाला पीक हाती येईपर्यंत एकूण २० ते २५ हजार घनमीटर पाणी लागते. पावसाचा वाटा वजा केला आणि हात आखडून हिशोब धरला, तरी १५ हजार घनमीटर पाणी विहिरीतून, बोअरमधून किंवा कालव्यातून द्यावेच लागते. या हिशोबाने लातूरला आलेल्या पहिल्या गाडीतले पाणी तीन-साडेतीन गुंठे उसापुरते होते, आणि ज्या मैदानांवरून एवढा गदारोळ झाला त्या तिन्ही मैदानांचे पाणी एक एकर उसाइतके.

एका वापराबद्दल संताप आणि दुसऱ्याबद्दल मौन असे का व्हावे, या प्रश्नापासून या पुस्तकाच्या विषयाला सुरुवात होते. याचे नेहमीचे उत्तर असे, की शेतकरी अन्नदाता आहे, त्याच्या पाण्याला हात लावणे लोकांना रुचत नाही, आणि लोकांना न रुचणारे धोरण कुठलेही सरकार राबवू शकत नाही. म्हणजे लोकमत आधी, धोरण नंतर. मला हा क्रम उलटा वाटतो. भूजलाविषयी महाराष्ट्रात आज जे लोकमत दिसते, ते बऱ्याच अंशी गेल्या जवळपास दीडशे वर्षांतल्या कायद्यांनी, दरांनी आणि अनुदानांनी घडवलेले आहे. ज्या गावांत नियम वेगळे होते तिथे लोकांचे मतही वेगळे होते आणि आजही आहे. ‘लोक ऐकणार नाहीत’ ही सबब म्हणूनच तपासून पाहायला हवी. ती खरी ठरली तर भूजलाचे काही खरे नाही. पण ती खोटी ठरली, तर दोष जनतेवर ढकलून मोकळे होता येणार नाही.

आधी जमिनीखाली काय आहे ते पाहू, कारण अर्थशास्त्राच्या चर्चेत ते बहुधा राहून जाते. महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भूभाग बेसाल्टचा, म्हणजे थरावर थर साचलेल्या लाव्ह्याच्या खडकाचा आहे. वर माती, त्याखाली मुरूम, मग भेगाळलेला खडक आणि त्याखाली काळा पाषाण. पाणी साठते ते मुख्यतः मुरमात आणि भेगांत. गाळाच्या मैदानात जमिनीखाली पाण्याचा जसा अफाट साठा असतो, तसा इथे नसतो. इथल्या खडकाच्या एकूण घनफळात उपशाला मिळणारे पाणी जेमतेम एक ते तीन टक्के असते. दोन टक्के धरून चालू. एक हेक्टर जमिनीखालची पाणीपातळी एक मीटरने खाली गेली, तर हाती २०० घनमीटर पाणी लागते. वरच्या हिशोबातला हेक्टरभर ऊस केवळ भूजलावर काढायचा, तर पाऊण किलोमीटर लांब आणि एक किलोमीटर रुंद अशा टापूखालची पातळी एक मीटरने उतरवावी लागेल. पाटाचे काही पाणी झिरपून परत खाली जाते हे मान्य केले, तरी प्रमाण डोळे उघडणारे आहे. एकाचा ऊस हा पंचवीस-तीस शेजाऱ्यांच्या विहिरींचा प्रश्न असतो. त्यात बोअर सहाशे-आठशे फुटांवर गेला की वरच्या थरातले पाणीही त्या भेगेने खाली ओढले जाते आणि आजूबाजूच्या चाळीस-पन्नास फुटी विहिरी कोरड्या पडतात. खाली मिळते ते पाणी बहुधा जुने, फार संथपणे भरणारे. एकाच कणगीत सगळ्यांनी हात घालावा आणि ज्याचा हात लांब त्याने तळ गाठावा, तशी ही स्थिती आहे.

आणि तरीही कायदा सांगतो, की जमीन ज्याची, तिच्याखालचे पाणी त्याचे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात जमीनमालकाला आपल्या हद्दीतले भूगर्भातले पाणी गोळा करण्याचा आणि त्याची विल्हेवाट लावण्याचा हक्क मान्य केलेला आहे. मोट आणि रहाटाच्या काळात त्याने फारसे बिघडले नाही. बैलांच्या ताकदीलाच मर्यादा होती आणि दिवस मावळला की उपसा थांबत होता. बोअर खोदणारे यंत्र आणि पाणबुडी पंप आल्यावर तोच हक्क शेजाऱ्याचे पाणी कायदेशीररीत्या काढून नेण्याचा परवाना झाला. राज्याने तो आवरण्याचा प्रयत्न केला नाही असे नाही. १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत विनापरवानगी नवी विहीर घ्यायला मनाई केली. २००९ मध्ये भूजल विकास व व्यवस्थापनाचा व्यापक कायदा विधिमंडळाने केला. त्यात साठ मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधने आहेत, पाणलोट क्षेत्राच्या समित्या आहेत, पिकांच्या नियोजनाची तरतूद आहे. राष्ट्रपतींची संमती मिळून तो अमलात यायला २०१४ उजाडले आणि त्याखालच्या नियमांचा मसुदा निघाला २०१८ मध्ये. दरम्यान बोअरच्या गाड्या रात्रंदिवस फिरत होत्या. ज्या कायद्याची आठवण शासनालाच नऊ वर्षांनी होते, तो लोकांनी मनावर घेतला नाही म्हणून लोकांना बोल लावता येत नाही.

पण कायद्यापेक्षाही खोल परिणाम केला तो भावाने. लागवडीखालील क्षेत्राच्या चार टक्क्यांच्या आसपास असलेला ऊस राज्यातल्या सिंचनाचे सुमारे ७० टक्के पाणी घेतो, असे केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगाने आपल्या ऊसविषयक अहवालात नोंदवले होते. हे वाचून शहरी वाचकाच्या मनात पहिला शब्द येतो तो ‘हाव’. तो अन्यायाचा आहे. उसाला रास्त व किफायतशीर दर कायद्याने बांधलेला आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे कारखान्याने चौदा दिवसांत पैसे द्यायचे, न दिल्यास व्याज द्यायचे. तोडणीची टोळी आणि वाहतूक कारखाना पाहतो. गारपिटीने ऊस झोपला तरी सगळाच हातचा जात नाही. या तुलनेत तुरीचे पाहा. २०१६-१७ मध्ये पाऊस चांगला झाला, शेतकऱ्याने सरकारच्या आवाहनावरून तूर पेरली आणि भरघोस पिकवली. हमीभाव बोनससह क्विंटलला ५,०५० रुपये होता. प्रत्यक्ष बाजारात भाव त्याच्या बराच खाली आला, खरेदी केंद्रांपुढे गाड्यांच्या रांगा लागल्या आणि बारदाना नाही म्हणून केंद्रे बंद राहिली. गोणपाटाच्या पोत्यांअभावी खरेदी थांबते, हे ज्याने एकदा पाहिले तो पुढच्या वर्षी काय लावील? २०१६ मध्येच भारताने मोझांबिकशी डाळी आयात करण्याचा दीर्घ मुदतीचा करार केला होता. कांद्याचेही तेच. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यात बंद झाली, मे २०२४ मध्ये ती उघडली तीही चाळीस टक्के शुल्कासह. शहरात कांदा महागला की सरकारे हलतात, म्हणून कांद्याचा धोका शेतकऱ्याच्या गळ्यात राहतो. कमी पाण्याची पिके अशा रीतीने बेभरवशाची केली गेली आणि जास्त पाण्याचे पीक भरवशाचे. शेतकऱ्याने भरवसा निवडला. ग्राहकाच्या स्वस्ताईच्या आग्रहाचा आणि भूजलाच्या ऱ्हासाचा हा संबंध आपल्या चर्चेत क्वचितच जोडला जातो, आणि माझ्या मते या साऱ्या विषयातला तो सर्वांत दुर्लक्षित दुवा आहे.

ऊस मुळात असा वाढवायचा नव्हता, हेही इथे नोंदवायला हवे. मुंबई इलाख्यात दुष्काळ निवारणासाठी कालवे काढले गेले, तेव्हा थोडे पाणी जास्त गावांना द्यावे हा हेतू होता. विश्वेश्वरय्यांनी सुचवलेल्या ब्लॉक पद्धतीचे सूत्र तेच होते. बारमाही पिकाला गटातला ठरावीक हिस्सा, बाकीच्या क्षेत्रात हंगामी पिके, आणि गट अनेक गावांत विखुरलेले. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला सहकारी कारखाना १९५० मध्ये सुरू झाला, तोही कर्जात बुडालेल्या कालव्याकाठच्या शेतकऱ्याला सावकार आणि व्यापारी यांच्या तावडीतून सोडवण्यासाठी. तो प्रयोग यशस्वी झाला आणि म्हणूनच त्याची नक्कल अशा तालुक्यांतही झाली, जिथे कालवा नव्हता, फक्त बोअर होते. मराठवाड्यातल्या मांजरा खोऱ्यातली कारखानदारी प्रवरेच्या अनुभवावर उभी राहिली, पण प्रवरेचे पाणी तिच्यापाशी नव्हते. उसापासून इथेनॉल बनवायला उत्तेजन देणाऱ्या धोरणाने या ओढीत आता आणखी भर घातली आहे.

विजेकडे येऊ, कारण भूजलाची खरी किंमत विजेच्या बिलातच दिसते. महाराष्ट्रात बहुसंख्य कृषिपंपांचे बिल अनेक दशके मीटरवर नाही, तर अश्वशक्तीवर आकारले गेले. पंप तासभर चालवा की दहा तास, रक्कम तीच. २००४ च्या विधानसभा निवडणुकीआधी वीज पूर्ण मोफत झाली आणि निवडणूक झाल्यावर ती सवलत मागे घेतली गेली. २०२४ मध्ये ती पुन्हा आली. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या सुमारे ४४ लाख पंपांना मोफत वीज, वर्षाला १४,७६० कोटी रुपयांचा भार. सोबतीला सौर पंप. सौर पंप डिझेलपेक्षा आणि रात्रीच्या विजेपेक्षा केव्हाही बरा, रात्री साप-विंचवाच्या भीतीत दारे धरण्यापासून तो शेतकऱ्याला सोडवतो. पण एकदा बसवला की ऊन असेतो त्याचा प्रत्येक लिटर फुकट. इथे आक्षेप येतो, आणि तो गंभीर आहे. विजेला खरा दर लावला तर आधी मरेल तो दोन एकरवाला. मोठ्या बागायतदाराला दर परवडेल, लहान शेतकरी पंप बंद करेल. हे मला पटते. म्हणूनच केवळ दर वाढवा असे सांगणाऱ्यांशी माझे जमत नाही. पण मोफत विजेचा लाभ होतो कुणाला, हेही विचारले पाहिजे. ज्याची विहीर आटली त्याला मोफत विजेचा उपयोग शून्य. ज्याचा बोअर सर्वांत खोल, त्याला सर्वांत जास्त. कोरडवाहू शेतकऱ्याला आणि भूमिहीनाला तर यातले काहीच मिळत नाही. गरिबाच्या नावाने दिलेली ही सवलत खोलीच्या प्रमाणात वाटली जाते. पंजाबने २०१८ मध्ये एक वेगळी वाट चोखाळून पाहिली. शेतकऱ्याची वीज ठरावीक युनिटांपर्यंत तशीच मोफत ठेवायची आणि जेवढी तो वाचवील तेवढ्याचे पैसे त्याच्या खात्यात जमा करायचे. १९९७ पासून मोफत वीज देणारे आणि भूजलाच्या वार्षिक भरणीच्या दीडपटीहून अधिक उपसा करणारे राज्य हे करून पाहू शकते, तर महाराष्ट्राला ते अशक्य का असावे?

अनुदानाचा हेतू आणि वापर यांत किती अंतर पडू शकते, हे शेततळ्यांनी दाखवले. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल अशा शेततळ्यात सुमारे २० लाख लिटर पाणी मावते. ओढ्याचे वाहून जाणारे पाणी पावसाळ्यात अडवून धरावे, ही मूळ कल्पना. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी तळ्याच्या तळाला आणि कडांना प्लास्टिकचा कागद अंथरला गेला, म्हणजे जमिनीत मुरण्याची वाट बंद झाली. मग दिवाळीनंतर बोअरचे पाणी त्यात उपसून ठेवले गेले, कारण उन्हाळ्यात बोअर आटेल आणि शेजाऱ्याने त्याआधी पाणी ओढले तर आपल्याला राहणार नाही. जमिनीखाली सावलीत असलेले सर्वांचे पाणी वर उन्हात एकाच्या मालकीचे झाले आणि एप्रिल-मेच्या उन्हात रोज काही मिलिमीटरने हवेत उडू लागले. यात कुणी एक दोषी नाही. शेजारी थांबेल याची खात्री नसेल, तर प्रत्येकासाठी हेच शहाणपण आहे. फळबाग वाचवायची असेल तर दुसरे तो करणार तरी काय?

मग मुख्य मुद्दा उरतो. शेजारी थांबेल अशी खात्री कुठे निर्माण झाली आहे काय? झाली आहे, आणि ती याच महाराष्ट्रात. धुळे आणि नाशिकच्या पांझरा, मोसम, आरम नद्यांवर शेकडो वर्षे फड पद्धत चालली. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, दरवर्षी पिके फडांत फिरवायची. पाणी पाजण्याचे काम पाटकऱ्याचे, शेतमालकाने पाटाला हात लावायचा नाही. पाणी कमी असले की भिजणाऱ्या फडांची संख्या कमी करायची, आणि प्रत्येकाची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असल्याने तूट सगळ्यांना सारखी सोसावी लागे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली. तिचे सूत्र त्याहून पुढे गेले. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे तर माणसांच्या प्रमाणात, दरडोई अर्ध्या एकरापुरते, भूमिहीनालाही वाटा, आणि उसाला बंदी. अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजार दरवर्षी पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडते, आधी माणसांचे आणि जनावरांचे पाणी काढून ठेवते, उरेल त्यावर रब्बीचे क्षेत्र ठरवते. शेतीसाठी बोअर नाही, ऊस आणि केळी नाही. हे निर्बंध १८८२ च्या कायद्याने दिलेल्या हक्कावर थेट घाला घालणारे आहेत, आणि तरीही गाव ते पाळते.

यावर म्हटले जाते, की हे अपवाद आहेत, साळुंखे आणि हिवरे बाजारचे पोपटराव पवार रोज जन्माला येत नाहीत. नेतृत्वाचे मोल मी कमी लेखत नाही. पण फड पद्धतीला कोणता महापुरुष होता? ती पिढ्यान्पिढ्या चालली ती तिच्या नियमांमुळे. तिन्ही ठिकाणी तीन गोष्टी समान दिसतात. पाणी किती आहे हे सर्वांना दिसत होते, नियम सर्वांना सारखा होता, आणि ज्याने पाणी सोडले त्याच्या हाती दुसरे काही तरी येत होते : कोरडवाहूला पाण्याची एक पाळी, भूमिहीनाला वाटा, गावाला दूधधंद्याचा चारा. यांपैकी एकही गोष्ट राज्याच्या धोरणाने आजवर निर्माण केलेली नाही. केंद्राच्या अटल भूजल योजनेत पाण्याचे अंदाजपत्रक आले, ते चांगलेच झाले. पण अंदाजपत्रक मोडणाऱ्याला अडवण्याचा अधिकार ग्रामसभेला नसेल, तर ते भिंतीवर रंगवलेल्या तक्त्यापुरतेच राहते.

ठिबकने प्रश्न सुटेल असेही सांगितले जाते. ठिबकने एकरी पाणी वाचते, उत्पादनही वाढते, ते लावलेच पाहिजे. मात्र एकूण उपशावर मर्यादा नसेल तर वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर बाग उभी राहते आणि विहिरीची पातळी होती तिथेच जाते. उरला शहरांचा प्रश्न. शेतकऱ्याला शिकवण्याआधी पुणे-मुंबईने आपली गळती थांबवावी, हा आक्षेप आकड्यांच्या दृष्टीने लहान आहे, कारण सिंचनापुढे घरगुती वापर थोडाच. न्यायाच्या दृष्टीने मात्र तो मोठा आहे. ज्या राज्यात दरडोई ठरवलेल्या मानकापेक्षा अधिक पाणी वापरणाऱ्या वस्तीला कुणी विचारत नाही, तिथे खेड्यातल्या माणसाला नियमाचा धाक दाखवण्याचा नैतिक अधिकार उरत नाही. फड टिकला तो तूट सर्वांनी सोसली म्हणून.

त्यामुळे सुधारणांचा क्रम माझ्या दृष्टीने असा : आधी तूर, ज्वारी, करडई यांची उसासारखी खात्रीची खरेदी, मग गावाच्या ताळेबंदाला कायद्याचे बळ, आणि विजेच्या अनुदानाचे रूपांतर सर्वांत शेवटी, तेही शेतकऱ्याच्या खात्यात रोखीने. हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी बिल आणि मग आश्वासन दिले, तर लोक विरोध करतील, आणि तो विरोध योग्य असेल. पुढील प्रकरणांत या प्रत्येक पायरीचा तपशील आहे आणि काही ठिकाणी माझ्याहून वेगळी मतेही वाचकाला भेटतील. ती वाचण्याआधी एक विनंती आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा अनेक दशके राज्यभरच्या निरीक्षण विहिरींची पातळी ठरावीक महिन्यांत मोजत आली आहे. आपल्या गावाच्या, किंवा आपण शहरात असाल तर आपल्या मूळ गावाच्या, सर्वांत जवळच्या निरीक्षण विहिरीचे आकडे मागून घ्या आणि पुढच्या ग्रामसभेत ते मोठ्याने वाचून दाखवा.